उड्डाणानंतरची सात मिनिटं

३ जुलै १९८८. वेळा इराणच्या घड्याळाप्रमाणे.

सकाळी ९.५० : बंदर अब्बासहून दुबईला निघणारं इराण एअरचं ६५५ हे विमान अजून जमिनीवरच. उशीर झालाय. आत २९० माणसं. त्यांत ६६ मुलं, १० भारतीय.

१०.१३ च्या सुमारास : होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेची ‘व्हिन्सेन्स’ ही युद्धनौका इराणी गनबोटींवर तोफा डागू लागते, तीही इराणच्या हद्दीत शिरून. ही घुसखोरी उघडपणे कबूल व्हायला १९९२ उजाडलं.

१०.१७ : विमान उडतं. नौकेवरची ‘एजिस’ ही रडार आणि शस्त्रनियंत्रण यंत्रणा त्याला लगेच टिपते. अंधाऱ्या नियंत्रण कक्षात कुणीतरी प्रवासी विमानांचं वेळापत्रक चाळतो, पण त्याला हे विमान सापडत नाही. कुणीतरी ‘एफ-१४’, म्हणजे इराणी लढाऊ विमान, असं म्हणतो आणि तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो.

१०.२० च्या सुमारास : नौकेवरून इशारे सुरू. बहुतेक लष्करी लहरींवर. प्रवासी विमानाला ते ऐकूच येत नाहीत.

१०.२२ : विमान वर चढतंय. यंत्रणेत उंचीची नोंद अचूक होतेय. पण समोरच्या मोठ्या पडद्यांवर उंची दिसत नाही, ती वेगळी मागवावी लागते. त्यात यंत्रणेने या विमानाला दिलेला ४४७४ हा क्रमांक संगणकाने बदलून ४१३१ केलाय, आणि ४४७४ आता दूरच्या एका अमेरिकी विमानाला मिळालाय. नौकेचे कॅप्टन विल रॉजर्स विचारतात, ४४७४ काय करतंय? उत्तर येतं, खाली येतंय. उत्तर खरं आहे, फक्त दुसऱ्याच विमानाचं. निर्णय माणसाच्याच हाती होता, हे इथे विसरता येत नाही. पण बाहेर तोफा धडधडत असताना, हातात जेमतेम दोन मिनिटं असताना आणि कानावर चुकीचा आकडा पडत असताना त्या अधिकाराला ताबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१०.२४ : दोन क्षेपणास्त्रं सुटतात. काही सेकंदांत विमान कोसळतं. कुणीही वाचत नाही.

नौदलाच्या चौकशीत यंत्रणा निर्दोष ठरली. १९९० मध्ये रॉजर्स यांना पदक मिळालं. १९९६ मध्ये अमेरिकेने कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता मृतांच्या वारसांसाठी ६.१८ कोटी डॉलर मान्य केले.

डिसेंबर २०२३ : माणसाच्या ताब्याचा हाच प्रश्न उभा करणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांबाबतचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी संमत. विरोधात चार देश, त्यांत भारत. अशा शस्त्रांवरची चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रनियंत्रणाच्या मंचावरच व्हावी, असं आपलं म्हणणं. मला ते पटत नाही. जिनिव्हात ती २०१४ पासून चालू आहे, आणि तिथे एकही बंधनकारक करार झालेला नाही.