पायाखालची जमीन

इतिहास म्हटलं की गड, लढाया आणि राजे आठवतात. आज आम्ही घरातल्या जमिनीचा इतिहास सांगणार आहोत. छप्पर वर्षातून एकदा शाकारलं की भागायचं. मातीची जमीन मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी सारवून पुन्हा नवी करावी लागायची, आणि ते काम बाईचंच.

हे काम किती जुनं असेल? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. जमिनी मातीच्याच, चोपून घट्ट केलेल्या. त्या कोणी चोपल्या ते माती सांगत नाही. आमचा अंदाज तुम्ही ओळखलाच असेल.

जमीन करणं हे कसबाचं काम. जुनी जमीन कुदळीनं उकरायची, ढेकळं फोडायची, मुरूम आणि चिकण माती पसरायची, पाणी मारून मुरू द्यायची. मग धुम्मसानं ठोकायची. कोकणात लाकडी चोपणं घेऊन बायका ओळीनं बसायच्या आणि पावसाळा सरला की अंगणही असंच नवं करायच्या. एकटीला हे जमत नाही, म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. वाळत आली की पुन्हा चोपायची, नाहीतर भेगा पडतात. शेवटी ताज्या शेणाचा काला. गुरांनी खाल्लेल्या चाऱ्याचे बारीक धागे शेणात असतात, ते माती धरून ठेवतात. काला पातळ झाला तर धूळ उठते, जाड झाला तर पोपडे सुटतात. नेमका किती, हे हाताला कळायचं. काळीभोर जमीन हवी तर कोळशाची पूड घालत. काही ठिकाणी टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूडही घालत. ती हाताला नि श्वासाला काही चांगली नव्हे.

या शेणाला दुसरी बाजूही आहे. सुतक फिटलं की सारवण, विटाळ झाला की सारवण. आणि खालच्या मानलेल्या जातीची बाई अंगणात उभी राहून गेली तर तेवढी जागा शेणानं शुद्ध करून घेणारी घरंही होती. सारवणारे हात बाईचेच असायचे, हे विसरून चालणार नाही.

वाड्यांमधून चुन्याचा कोबा होता. कलबुर्गीजवळच्या शहाबादचा दगड रेल्वेनं दूरवर जाऊ लागला, आणि शहाबादी फरशी आपल्याकडे घराघरांत ओळखीची झाली. सिमेंट गावात पोचायला आणखी बराच काळ गेला. २००१ च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून जास्त घरांची जमीन मातीची होती. २०११ मध्येही शंभरातली सुमारे ४६ घरं तशीच होती. म्हणजे हा काही फार जुना इतिहास नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या गुडघ्यांत तो अजून दुखतो.

हल्ली शहरातली हौशी माणसं शेणाच्या जमिनीचं फार कौतुक करतात. थंड असते, हे खरं. पण शेणातून धनुर्वाताचे जंतू येऊ शकतात, आणि आपल्याकडे बाळंतपणं याच जमिनीवर होत आली. मेक्सिकोतल्या कोआविला राज्यात २००० साली सरकारनं गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंट घालून द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यास झाला, तेव्हा लहान मुलांच्या पोटातले जंत खूपच कमी झालेले दिसले. आयांचा जीवही जास्त समाधानी होता. आम्हाला याचं नवल वाटलं नाही. फरशी आली ते बरंच झालं.

पण फरशी आली तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. गवंडी आला, त्यानं जमीन केली आणि मजुरी घेतली. त्याच घरात सासूनं आणि आजेसासूनं जन्मभर जमीन केली, तिचा हिशोब कोणत्याच वहीत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, असं आढळलं. पुरुषांची मिनिटं ९७.

आणि जिनं जमीन राखली, तिच्या नावावर घर किती ठिकाणी होतं? २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल नवरा-बायको दोघांच्या किंवा एकट्या बायकोच्या नावावर देता येतं. घर योजनेतलं नसलं, तरी ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये पतीसोबत पत्नीचं नाव लावता येतं. आमच्या गटात आम्ही विचारलं, स्वतःच्या घराचा नमुना आठ कोणी पाहिलाय? वीस जणींत तीन हात वर आले. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापला उतारा घेऊन यायचं ठरलंय. ग्रामपंचायतीत तो मागायला तुम्हीही जा, जाताना शेजारणीला सोबत न्या.