सह्यांच्या वहीतली हॉकी

आपल्या बॅचमध्ये सह्या गोळा करणारे पुष्कळ होते. बहुतेकांना वहीत गावसकर हवा असे. हॉकीपटूंच्या मागे लागणारे आम्ही तिघेचौघेच. स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणून ती वही पुन्हा चाळली, तेव्हा मुंबईची हॉकी कोणाच्या पगारावर जगली, याचा हिशेबच त्यात सापडला.

सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून चर्चगेट गाडी पकडायची आणि स्टेशनजवळच्या बॉम्बे हॉकी असोसिएशनच्या मैदानावर जायचं, हा आमचा शिरस्ता. आगा खान कप आणि बॉम्बे गोल्ड कप या तिथल्या मोठ्या स्पर्धा. सामना संपला की खेळाडू बुटांच्या नाड्या सोडत बसलेले असत. वही पुढे केली की सही मिळे. सहीखाली संघाचं नाव लिहायची आमची पद्धत होती. त्यामुळे पानोपानी पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, टाटा, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, नौदल अशी नावं आहेत. क्लबांची नावं त्या मानाने कमी.

याचं कारण जुनं आहे. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती, म्हणून खेळाडूचं पोट नोकरीवर चाले. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने पहिलं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघाचे कर्णधार किशनलाल बी.बी.सी.आय. रेल्वेचे नोकर होते. हीच रेल्वे १९५१ साली पश्चिम रेल्वेत आली, म्हणजे आपल्या बोरिवली लोकलची रेल्वे! त्याच संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचे.

आपण शाळेत असताना विश्वचषकच मुंबईत आला. २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२ असे दोन आठवडे अभ्यासाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पाकिस्तानने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं, भारत पाचवा आला. हसन सरदारचा खेळ पाहून आपल्यातले कट्टर भारतवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

ती स्पर्धा गवतावर झाली, पण गवताचे दिवस भरत आले होते. १९७५ साली विश्वविजेता झालेला भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सातवा आला. ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली गेली ती तिथे प्रथम. पुढे चर्चगेटच्या मैदानावरही टर्फ आलं. तिथे चेंडू सरळ आणि वेगात धावतो. खडबडीत मातीवर उसळता चेंडू अडवायला शिकलेल्या आपल्यासारख्या पोरांना सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. टर्फ महागडं, त्याला पाणीही भरपूर लागतं. उपनगरातल्या शाळांना ते कुठून परवडणार? स्टिका माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

माझ्या वहीत मात्र सह्या येत राहिल्या. मॉस्कोच्या सुवर्णपदक संघातले मर्विन फर्नांडिस आणि एम. एम. सोमय्या. सोमय्या भारत पेट्रोलियमचे, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार. लॉस एंजेलिसला खेळलेले जोकिम कार्व्हालो. मग धनराज पिल्ले. पुण्याच्या खडकीतला हा मुलगा मुंबईत महिंद्राकडून आणि पुढे इंडियन एअरलाइन्सकडून खेळला. १९९८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवलं. लगेच पुढच्या मालिकेसाठी त्याला आणि आणखी काही खेळाडूंना वगळलं गेलं. खेळाडूंच्या मानधनाबद्दल ही मंडळी उघड बोलली होती. कंपनीचा पगार होता म्हणून घर चालत होतं. देशासाठी खेळण्याचा मोबदला मागणं मात्र अजून उद्धटपणाचं ठरत होतं.

२०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली आणि चर्चगेटच्या मैदानावर ‘मुंबई मरीन्स’ उतरले. मुलाला घेऊन गेलो होतो. त्या दिवशीच्या सहीखाली मी पहिल्यांदा नोकरीच्या ठिकाणाऐवजी व्यावसायिक संघाचं नाव लिहिलं. मोठी नावं पुस्तकांत सापडतील. पण रेल्वेच्या राइट-इनचं किंवा टाटांच्या राखीव गोलरक्षकाचं नाव कुठे मिळणार? ते आपल्या वह्यांतच आहे.

तेव्हा मंडळी, स्नेहमेळाव्याला येताना माळे धुंडाळा. वही सापडली तर घेऊन या. सही, संघ, साल अशी एकत्र यादी करू आणि तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. लागले नाहीत असे सहीचे फराटे माझ्याकडेही बरेच आहेत; चार डोकी जमली तर काही नावं नक्की लागतील.