बारावीनंतर अरबी भाषेत बी.ए.: काय शिकवतात, कुठे शिकवतात, पुढे काय?

खेड, दापोली, मंडणगड, गुहागर या तालुक्यांत आखाताला माणूस गेलेला नाही असं गाव शोधावं लागेल. तिकडच्या नोकरीचा करार येतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन रकाने असतात, एक इंग्रजी आणि एक अरबी. आपण इंग्रजी रकाना कसाबसा वाचतो आणि सही करतो. पण सौदी अरेबियाचा कामगार कायदा सांगतो की दोन्ही मजकुरांत फरक निघाला तर अरबी मजकूर खरा धरायचा. म्हणजे पगार, सुट्टी, मुदत हे सगळं त्या न वाचलेल्या रकान्यावर ठरतं.

तरीही घरातल्या मुलाने किंवा मुलीने 'मी अरबी घेऊन बी.ए. करतो' म्हटलं की दोन गोष्टी ऐकू येतात. एक, 'हे धार्मिक शिक्षण आहे.' दुसरी, 'म्हणजे दुबईची नोकरी पक्की.' दोन्ही समज चुकीचे आहेत.

नेमकं काय शिकवतात?

पहिलं वर्ष जवळपास सगळं भाषेतच जातं. 28 अक्षरं, उजवीकडून डावीकडे लेखन, आणि शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी बदलणारे अक्षरांचे आकार. मकतबमध्ये कुराण वाचायला शिकलेल्या मुलांना अक्षरं आणि उच्चार सोपे जातात, पण वाचता येणं आणि अर्थ कळणं वेगळं, त्यामुळे व्याकरण त्यांनाही मुळापासूनच शिकावं लागतं. अरबीत 'प' नाही, म्हणून तिकडे पेप्सीची 'बेब्सी' होते. संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन ओळखीचं वाटेल: एक पुस्तक किताब, दोन किताबान, अनेक कुतुब.

खरी गंमत धातूंची. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून निघतात. ह-स-ल म्हणजे हाती येणं, मिळणं. त्यातून 'तहसील' म्हणजे वसुली करणं आणि 'महसूल' म्हणजे जे वसूल झालं ते. आपण ज्या कचेरीत सातबारासाठी हेलपाटे घालतो तिच्या पाटीवरचे शब्द अरबीच आहेत, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. वकील, अर्ज, हक्क, हिशेब, कायदा, मंजूर, जप्त हे सगळे त्याच घरातले. असे शब्द इतके झाले होते की शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कोश बघायचा तर मात्र डोकेदुखी: मोठ्या अरबी कोशांत 'मकतब' हा शब्द 'म'मध्ये सापडत नाही, क-त-ब या धातूखाली शोधावा लागतो.

दुसऱ्या वर्षापासून साहित्य, इतिहास आणि अरब समाज येतो. इथे धर्माचा भाग असतो, पण तेवढाच नसतो. इस्लामपूर्व काळातल्या वाळवंटी टोळ्यांच्या कविता असतात. 1988 साली नोबेल मिळालेले इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ असतात. लेबननचे ख्रिस्ती लेखक खलील जिब्रान असतात, ज्यांच्या रूपककथा वि. स. खांडेकरांनी मराठीत आणल्या. आपलं पंचतंत्रही भेटतं! आठव्या शतकात ते इराणच्या जुन्या पहलवी भाषेतून अरबीत गेलं, 'कलीला व दिमना' या नावाने, आणि तिथून युरोपभर पसरलं. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चौलला येऊन गेला. त्याने त्या बंदराला 'सैमूर' म्हटलंय आणि तिथे स्थायिक झालेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांची नोंद केली आहे.

वर्गातली अरबी आणि बाजारातली अरबी

हे आधीच समजून घ्या, नाहीतर निराशा होते. विद्यापीठात शिकवतात ती 'फुसहा', म्हणजे प्रमाण अरबी. वर्तमानपत्रं, करार, कोर्ट, बातम्या यांची भाषा तीच. घरी, बाजारात ती कोणी बोलत नाही. 'कसा आहेस?' हे प्रमाण भाषेत 'कैफ हालुक', आखातात 'श्लोनक' आणि इजिप्तमध्ये 'इझ्झयक'. पुस्तकी मराठी आणि मालवणी यांच्यात जेवढं अंतर आहे त्यापेक्षा हे जास्त आहे. दहा वर्षं कुवेतला काढलेले काका भाव करण्यात पदवीधराला हरवतील. करार मात्र पदवीधरच वाचेल.

कुठे आणि कसा प्रवेश?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अरबी आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, आधी अरबी येत असण्याची अट नाही, आणि फी खासगी कॉलेजांपेक्षा खूपच कमी आहे. प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. त्याचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं. दिल्लीतच जामिया मिल्लिया, शिवाय अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ इथेही अरबी शिकता येते. मुंबई विद्यापीठातही अरबी विभाग आहे. काही ठिकाणी आधी अरबी शिकलेलं असण्याची अट असू शकते, त्यामुळे त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका.

पुढे काय?

भाषांतर, मोठ्या शहरांत उपचारासाठी येणाऱ्या अरब रुग्णांसाठी दुभाषी, वकिलाती, निर्यातीचे व्यवहार (आपला हापूस आखातातच तर जातो) आणि शिक्षकी. एम.ए. नंतर नेट परीक्षा अरबी विषयातून देता येते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मात्र 2013 पासून अरबी साहित्य हा वैकल्पिक विषय राहिलेला नाही. जुनी पुस्तकं बघून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि भाषांतराचं काम बहुतांशी अरबीतून इंग्रजीत असतं, मराठीत नाही. इंग्रजी कच्ची असेल तर पदवी असूनही काम मिळणं अवघड. जोडीला टॅली, आयात-निर्यातीचे कागद किंवा कायद्याचा अभ्यास असेल तर पारडं जड होतं.

अर्ज भरण्याआधी पंधरा दिवस रोज अर्धा तास अक्षरं गिरवून बघा. 'ऐन' आणि 'हा' हे घशातून येणारे उच्चार मोबाईलवर ऐकून म्हणून बघा. घरात कोणाचा जुना करार पडलेला असेल तर त्याचा अरबी रकाना समोर ठेवा आणि त्यातली किती अक्षरं ओळखू येतात ते मोजा.