मोगलीचे जंगल नागपूरच्या वेशीवर

ॲनिमे म्हणजेच जपानी ॲनिमेशनपट व मालिका. त्यांत दिसणारी गावे, मंदिरे, पायऱ्या प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची जपानमध्ये रीतच पडली आहे. तिला 'सेइची जुनरेई', अर्थात पवित्र स्थळांची यात्रा, असे म्हणतात. 'लकी स्टार' (२००७) या मालिकेमुळे साइतामा प्रांतातील वाशिनोमिया मंदिरात तरुणांची रीघ लागली, तर 'किमी नो ना वा' (२०१६) या चित्रपटाने तोक्योतील सुगा मंदिराच्या पायऱ्या जगप्रसिद्ध केल्या. अशा यात्रेचे एक स्थळ नागपूरकरांच्या अगदी हाताशी आहे: मोगलीचे सिवनी.

निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये 'जंगल बुक'वर ५२ भागांची मालिका काढली. १९९३ पासून ती हिंदीत दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखविली जाऊ लागली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ती एका पिढीच्या स्मरणात कायमची राहिली.

मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांची. 'जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते अमेरिकेतील व्हरमाँट येथील वास्तव्यात लिहिले गेले. किपलिंग यांनी सिवनीचे जंगल स्वतः पाहिले नव्हते. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७ मधील सिवनीविषयक पुस्तकाचा त्यांना आधार मिळाला, असे मानले जाते. तरीही कथेतील भूगोल खरा आहे. सिवनीचे डोंगर, वैनगंगा नदी आणि कान्हीवाडा गाव आजही नकाशावर आहेत. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते आणि वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते.

या परिसराचे आजचे रूप पाहायचे, तर पेंच व्याघ्र प्रकल्प गाठावा. तो दोन राज्यांत विभागलेला आहे. मध्य प्रदेशातील पेंचला १९९२ मध्ये, तर महाराष्ट्रातील पेंचला १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राच्या बाजूने सिल्लारी, चोरबाहुली व खुर्सापार, तर मध्य प्रदेशच्या बाजूने तुरिया व कर्माझिरी ही प्रवेशद्वारे आहेत. तुरिया नागपूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते.

पडद्यावरचे सारेच येथे भेटेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. वाघ, अस्वल, अजगर, वानरे आणि कोळसून म्हणजे रानकुत्रे येथे आहेत. बघीरा हा काळा बिबट्या. ती वेगळी जात नसून अंगात काळे रंगद्रव्य अधिक असलेला बिबट्याच होय. अलीकडच्या वर्षांत पेंचमध्ये त्याचेही दर्शन झाले आहे. मोगलीला वाढविणारा लांडगा मात्र दाट सागवानापेक्षा माळरानात व शेतशिवारात रमतो. त्यामुळे गाभा क्षेत्रातील सफारीत तो क्वचितच दिसतो. मालिकेतील लाल पांडा तर हिमालयाचा रहिवासी. तो येथे शोधणे व्यर्थ होय.

नागपूरहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा या जंगलाला छेदून जातो. रस्ता रुंद करताना प्राण्यांची वाट तुटू नये म्हणून मनसर ते खवासा या टप्प्यात त्यांच्यासाठी ९ ठिकाणी पुलांखालून मार्ग ठेवण्यात आले. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी तेथून जाणारे वाघ व रानकुत्रे टिपले आहेत. पुलावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला खालून शेरखान चालला आहे, याची कल्पनाही नसते.

या जंगलाशी नागपूरचे नाते केवळ आठवणींचे नाही. शहराला मिळणारे बहुतांश पाणी पेंच नदीवरील नवेगाव खैरी जलाशयातून येते. ही नदी याच जंगलातून वाहत येते, पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानमार्गे वैनगंगेला. जपानी चित्रकारांनी ज्या जंगलाची कल्पना रंगविली, त्याचे पाणी नागपूरच्या घराघरांत रोज पोहोचते. ते जंगल टिकले, तरच ते पाणी टिकेल.