वापरलेल्या मालट्रकमध्ये पुन्हा पुन्हा पेटणारा ‘चेक इंजिन’चा दिवा

वापरलेला मालट्रक ताब्यात येतो, चार-दोन फेऱ्या होतात आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटतो. मेकॅनिक स्कॅनर जोडून तो विझवितो; आठवडाभरात तो पुन्हा पेटतो. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात मालट्रकला हंगामात उसाची आणि एरवी धान्याची वा बांधकाम साहित्याची वाहतूक करावी लागते. तेथे या दिव्यापायी ऐन हंगामात गाडी उभी राहिली, तर कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. दिवा विझविणे आणि दोष काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळेच पुष्कळांचा पैसा वाया जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागात मदतीचे व पुनर्वसनाचे साहित्य घेऊन जे मालट्रक आले, त्यांच्यात असा दिवा नव्हता. त्यांचा डिझेल पंप सर्वस्वी यांत्रिक असे आणि मिस्त्री आवाजावरून व धुराच्या रंगावरून दोष ओळखी. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तसतशी इंजिनावर संगणकाची सत्ता आली. भारत-४ निकष देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. शेजारचे सोलापूर मात्र २०१० मध्येच भारत-४ लागू झालेल्या तेरा शहरांपैकी एक होते. त्यामुळे जुनी गाडी घेताना केवळ उत्पादनाचे साल पाहून भागत नाही. नोंदणी पुस्तकात कोणता निकष लिहिला आहे, हे वाचावे लागते. गाडीत काय काय बिघडू शकते, हे त्यावरच ठरते.

हा दिवा स्वतः दोष सांगत नाही. दोषाची नोंद संगणकाच्या स्मृतीत सांकेतिक क्रमांकाने होते. उदाहरणार्थ, ‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा, ‘पी ००८७’ म्हणजे इंधनाचा दाब कमी. काही मोठ्या गाड्यांत हेच क्रमांक एसपीएन व एफएमआय या जोडीने दिसतात. पहिला आकडा भाग सांगतो, दुसरा बिघाडाचा प्रकार. येथे एक गफलत नेहमी होते. क्रमांकात ज्या भागाचे नाव येते तो भाग बदलून टाकला जातो. वस्तुतः ‘टर्बोचा दाब अपुरा’ याचे कारण फाटलेला रबरी होज, ढिली पट्टी किंवा धुळीने कोंडलेला एअर फिल्टर हेही असू शकते. होजच्या दुरुस्तीला शेकड्यांत खर्च येतो, टर्बोला हजारोंत.

नोंद पुसली की दिवा जातो, परंतु कारण कायम असल्यास संगणक पुढच्या काही फेऱ्यांत तीच चाचणी पुन्हा घेतो आणि दिवा परततो. विक्रीच्या दिवशी सकाळी नोंद पुसून गाडी दाखविण्याचा प्रकार याच कारणाने शक्य होतो. त्यावर उपायही स्कॅनरमध्येच आहे. नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाही, हे पुष्कळ गाड्यांत वाचता येते. पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीचा हा आकडा अवघा दहा-बारा किलोमीटर निघाला, तर विचारणा अवश्य करावी. चावी फिरवताच हा दिवा क्षणभर लागून मग विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब काढला आहे किंवा तार तोडली आहे, असा संशय घ्यावा. इसार देण्यापूर्वी गाडी भरल्या वजनाने निदान तास-दीड तास चालवून मग स्कॅनर लावणे उत्तम. रिकामी गाडी पुष्कळ दोष लपविते.

शोधाला सुरुवात स्वस्त बाजूने करावी. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या असतात. आधीच्या मालकाने टेप किंवा जादा दिवे एकाच बॅटरीवरून घेतले असतील, तर दोन्हींचा तोल बिघडतो, स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच नोंदी एकदम उमटतात. अशा वेळी सेन्सर बदलत बसणे व्यर्थ होय. चॅसीवरील अर्थिंगचा नट खरवडून घट्ट करणे, हा बिनखर्चाचा पहिला उपाय. हंगामानंतर महिनोन्महिने शेताकडेला उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, हेही विसरू नये. उसासाठी बॉडीवर लोखंडी खांब-पट्ट्या जोडताना बॅटरी न सोडविता केलेले वेल्डिंग तर संगणकालाच धोका पोचविते. वेल्डिंगपूर्वी दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा व संगणकाचा जोड काढावा, आणि वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा.

जुन्या वळणाच्या मिस्त्रींची एक सवय मात्र जिवावर बेतू शकते. कोणता सिलिंडर काम देत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करण्याची पद्धत यांत्रिक पंपाच्या काळी रूढ होती. आताच्या कॉमन रेल इंजिनात त्याच पाइपमध्ये हजार बारहून अधिक दाब असतो, आणि तेथून निसटलेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरू शकते. ही तपासणी स्कॅनरनेच करावी. डिझेल फिल्टरखालच्या भांड्यातील पाणी नियमित सोडणे आणि फिल्टर वेळेवर बदलणे, एवढ्याने इंधनदाबाच्या पुष्कळशा तक्रारी मिटतात.

भारत-६ गाड्यांत दोन गोष्टींची भर पडली आहे. पहिली म्हणजे धुरातील काजळी अडविणारा फिल्टर. तो मधूनमधून साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून आतली काजळी जाळली जाते. हमरस्त्यावर भरधाव चालणाऱ्या गाडीत हे काम चालकाच्या नकळत होते. ऊस वाहणाऱ्या गाडीचे तसे नसते. शेत ते कारखाना अशी लहान फेरी, कच्चा रस्ता आणि मग काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास रांग. त्या रांगेत इंजिन चालूच ठेवले की फिल्टर तुंबतो आणि दिवा येतो. येथे सुटा भाग बदलण्यापेक्षा सवय बदलणे स्वस्त पडते. रांगेत इंजिन बंद ठेवावे आणि आठवड्यातून एखादी फेरी उमरग्याजवळून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गावर सलग वेगाने करावी. गाडी उभी करून बटणाने काजळी जाळण्याची सोय असल्यास ती पाचटावर किंवा वाळल्या गवतावर कधीही वापरू नये. तप्त सायलेन्सरखाली पाचट पेटायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट युरियाच्या द्रावणाची. अनेक भारत-६ व काही भारत-४ ट्रकांत डिझेलखेरीज हे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षाररहित पाणी असते. ज्या घरात खताची पोती रचलेली असतात, तेथे ‘हाच युरिया पाण्यात कालवून भरला तर काय बिघडते?’ हा प्रश्न उठणे साहजिक आहे. बिघडते ते असे. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे लेपन केलेला असतो. ते तेल, खतातील इतर अशुद्धी आणि विंधन विहिरीच्या पाण्यातील क्षार हे सारे नोझल व उत्प्रेरकावर साचते. उत्प्रेरक एकदा निकामी झाला की त्याची किंमत सहज लाखाच्या घरात जाते. शिवाय अनुदानित खत शेतीखेरीज अन्य कामी वापरणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग आहे. बाजारातील द्रावणही सावलीत ठेवावे. पस्तीस अंशांच्या सतत उष्णतेत ते सुमारे सहा महिनेच टिकते आणि येथला उन्हाळा त्याहून कडक असतो. नोझलभोवती पांढरे खडे जमले असतील, तर कोमट पाण्याने धुऊन पाहावे. कित्येकदा तेवढेच पुरते.

या द्रावणाची नोंद दुर्लक्षिली, तर भारत-६ गाडी आधी इंजिनाची ताकद सुमारे पाव भागाने घटविते आणि अखेरीस वेग ताशी २० किलोमीटरवर आणून ठेवते. भरल्या गाडीला चढावर असे झाल्यास प्रसंग बिकट होतो. म्हणून काही जण संगणकाला फसविणारी छोटी पेटी बसवून घेतात. ‘या गाडीला युरिया लागतच नाही’ असे विक्रेता सांगू लागला, तर गाडीखाली त्या द्रावणाची टाकी आहे का, हे प्रथम पाहावे. टाकी असून खर्च शून्य असेल, तर पेटी बसविलेली असण्याचा संभव मोठा. हा फेरफार बेकायदेशीर आहे. पीयूसी प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण डिझेल गाडीच्या त्या चाचणीत धुराची घनता मोजली जाते, संगणकातील नोंदी वाचल्या जात नाहीत.

दिवा स्थिर पिवळा असेल आणि ताकद, तापमान व ऑइलचा दाब ठीक असेल, तर गाडी जवळच्या कार्यशाळेपर्यंत नेता येते. लाल दिवा लागल्यास मात्र सुरक्षित जागी लगेच थांबावे. मेकॅनिकला नोंद पुसू देण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याच्यासोबत किलोमीटर, गाडी भरलेली होती की रिकामी, इंजिन थंड होते की तापलेले, हे वहीत टिपून ठेवावे. तीच नोंद फक्त भरल्या गाडीत येते की पावसातच उमटते, हे अशा तीन-चार टिपणांवरून कळते. कार्यशाळेत उभ्या गाडीत न सापडणारा दोष पुष्कळदा त्यातूनच हाती लागतो.