क्लायंट-सर्व्हर आणि पीअर-टू-पीअर म्हणजे काय? रोजच्या ॲप्सच्या उदाहरणांसह



शेजारच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीला तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता. अंतर हातभर, पण फोटो आधी दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये जातो आणि तिथून तिच्या फोनवर येतो. तोच फोटो क्विक शेअरने पाठवला, तर तो तुमच्या फोनमधून थेट तिच्या फोनमध्ये जातो. मोबाईल डेटा बंद असला तरी चालतं.

फोटो तोच, फोन तेच. वेगळी आहे ती कॉम्प्युटर्सनी आपसात काम वाटून घेण्याची पद्धत. यालाच नेटवर्क मॉडेल म्हणतात. (परीक्षेत येणारं सात थरांचं ओएसआय मॉडेल हा वेगळा विषय आहे, त्याच्याशी गल्लत करू नका.) मुख्य मॉडेल्स दोनच: क्लायंट-सर्व्हर आणि पीअर-टू-पीअर. प्रत्यक्षात मात्र बरीच ॲप्स दोन्ही मिसळून वापरतात. चला, एकेक पाहूया.

क्लायंट-सर्व्हर मॉडेल

जो मागतो तो क्लायंट आणि जो देतो तो सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीतलं मोठं मशीन डोळ्यासमोर येतं, पण सर्व्हर ही खरं तर एक भूमिका आहे. कोणीतरी काहीतरी मागेल याची वाट पाहत सतत चालू राहणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर. हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती. कोणी बटण दाबलं असतं तर तेव्हाचं वेबच बंद पडलं असतं!

दहावीचा निकाल आठवा. तुम्ही सीट नंबर आणि आईचं नाव टाकता, फोन ती विनंती सर्व्हरकडे पाठवतो, सर्व्हर डेटाबेसमध्ये शोधतो आणि फक्त तुमचे मार्क परत पाठवतो. सगळ्यांचा निकाल एका जागी असल्यामुळे चूक एकदाच दुरुस्त करावी लागते आणि कोणी काय पाहायचं यावर नियंत्रण राहतं.

तोटाही याच्यातच आहे. निकालाच्या दुपारी लाखो फोन एकाच दारावर धडकतात आणि पान गोल गोल फिरत राहतं. म्हणून मोठ्या कंपन्या एकाऐवजी अनेक सर्व्हर ठेवतात आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर बसवतात. येणारी गर्दी वेगवेगळ्या सर्व्हर्सवर वाटून देणं हे त्याचं काम.

तरीही सगळं एकाच कंपनीच्या हातात राहतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारं नेटवर्क तुटलं आणि तिच्या सर्व्हर्सचे पत्ते इंटरनेटवरून दिसेनासे झाले. लोकांचे फोन ठणठणीत होते, इंटरनेट चालू होतं, पण शेजारच्या खोलीतही मेसेज जात नव्हता.

एकच कॉम्प्युटर क्लायंट आणि सर्व्हरही

टपरीवर चहाचे २० रुपये यूपीआयने दिले, तर तुमचं ॲप आधी ते ज्या बँकेमार्फत चालतं तिच्या सर्व्हरला विनंती करतं. तो एनपीसीआयच्या सर्व्हरकडे जातो. एनपीसीआय तुमच्या बँकेला पैसे वजा करायला आणि चहावाल्याच्या बँकेला पैसे जमा करायला सांगतं. म्हणजे एनपीसीआयचा सर्व्हर एकाला उत्तर देताना सर्व्हर असतो आणि दुसऱ्याला विनंती करताना क्लायंट.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. यूपीआयमध्ये मित्राला पैसे पाठवण्याला ‘पी-टू-पी’ म्हणतात, पण त्याचा अर्थ एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला, एवढाच. नेटवर्कच्या दृष्टीने ते पीअर-टू-पीअर नाही. म्हणूनच मित्र समोर उभा असतानाही बँकेचा सर्व्हर बंद असेल तर पैसे जात नाहीत.

पीअर-टू-पीअर मॉडेल

पीअर म्हणजे बरोबरीचा. इथे प्रत्येक कॉम्प्युटर मागतोही आणि देतोही. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेलं बिटटोरंट. मोठ्या फाइलचे छोटे तुकडे केले जातात. तुम्हाला एक तुकडा मिळाला की तो तुम्ही लगेच दुसऱ्यांना देऊ लागता आणि उरलेले तुकडे इतरांकडून घेत राहता. मिळालेला तुकडा खरा आहे की नाही, हे हॅश नावाच्या गणिती ठशावरून तपासलं जातं.

क्लायंट-सर्व्हरमध्ये गर्दी वाढली की वेग मंदावतो. इथे लोक वाढले की देणारेही वाढतात. टोरंट म्हणजे बेकायदा, हा समज मात्र चुकीचा आहे. उबंटूसारख्या लिनक्सच्या फाइल्स अधिकृतपणे टोरंटने मिळतात. परवानगी नसलेला सिनेमा वाटणं बेकायदा आहे, मग तो टोरंटने वाटा नाहीतर पेनड्राइव्हने.

आमच्या हॉस्टेलचा धडा

ही दोन्ही मॉडेल्स मला पुस्तकापेक्षा हॉस्टेलमध्ये जास्त समजली. आमच्याकडे इंटरनेट रडतखडत चालायचं, पण रूम-रूममधलं लॅन सुसाट होतं. त्यावर आम्ही डीसी प्लस प्लस वापरायचो. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवरचं एक फोल्डर शेअर केलेलं असायचं. एका सीनियरच्या डेस्कटॉपवर ‘हब’ चालायचं. कोण कोण ऑनलाइन आहे हे हब दाखवायचं आणि तुमचा शोध सगळ्यांपर्यंत पोचवायचं. फाइल मात्र थेट त्या मुलाच्या लॅपटॉपवरून यायची. मधे थोडं क्लायंट-सर्व्हर आणि बाकी पीअर-टू-पीअर, याला हायब्रिड मॉडेल म्हणतात.

सीनियरने शेवटचा पेपर दिला, डेस्कटॉप खोक्यात भरला आणि तो गावी गेला. त्या संध्याकाळी कोणालाच काही सापडेना. सगळ्या फाइल्स जागच्या जागी होत्या, फक्त कोणाकडे काय आहे ते सांगणारा गेला होता. दुसऱ्या एकाने आपल्या लॅपटॉपवर हब सुरू केलं आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं.

दुसरा प्रसंग इतक्या सहज सुटला नाही. फायनल इयर प्रोजेक्टच्या रिपोर्टची शेवटची प्रत आमच्या चौघांपैकी एकाच्याच शेअर फोल्डरमध्ये होती. लागेल तेव्हा घेऊ, असं आम्ही बाकीचे धरून चाललो होतो. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या आजोबांना आयसीयूत नेल्याचा फोन आला आणि तो आहे तसा बॅग उचलून लातूरच्या गाडीत बसला. लॅपटॉप बॅगेतच होता. हबच्या यादीतून त्याचं नाव गेलं आणि त्याच्याबरोबर आमचा रिपोर्टही. फोन करून फाइल माग, असं आम्ही तिघे एकमेकांना म्हणत राहिलो, पण धीर कोणालाच झाला नाही. जुन्या प्रिंटआउटवरून दोन चॅप्टर सकाळपर्यंत पुन्हा टाइप केले.

चूक त्याची नव्हती. पीअर-टू-पीअरमध्ये वस्तू तोपर्यंतच मिळते, जोपर्यंत ती ज्याच्याकडे आहे तो चालू आहे. तीच फाइल आणखी एका लॅपटॉपवर असती, तर ती रात्र आम्ही झोपलो असतो.

नॅपस्टर या सेवेची रचनाही आमच्या हबसारखीच होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरवर गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर असायची, पण कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये ती सेवा बंद झाली. यादी एकाच जागी असल्यामुळे बंद कोणाला करायचं हे स्पष्ट होतं.

व्हॉट्सॲप नेमकं कोणत्या मॉडेलवर चालतं?

दोन्हींवर. मेसेज सर्व्हरमार्फत जातो. समोरच्याचा फोन बंद असेल तर तो एन्क्रिप्टेड स्वरूपात सर्व्हरवर थांबतो, जास्तीत जास्त ३० दिवस. दोघांमधला व्हॉइस किंवा व्हिडिओ कॉल मात्र शक्य असेल तेव्हा थेट फोन ते फोन जोडला जातो, कारण वळसा टळला की आवाज लवकर पोचतो.

‘शक्य असेल तेव्हा’ अशासाठी, की मोबाईल कंपन्या अनेक फोन्सना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. बाहेरून आलेलं कनेक्शन नेमकं कोणत्या फोनचं, ते कळत नाही. त्यामुळे दोन्ही फोन आधी सर्व्हरच्या मदतीने एकमेकांचा पत्ता काढतात आणि तरीही जमलं नाही तर कॉल सर्व्हरमधून वळवला जातो.

थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळू शकतो. तो लपवायचा असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲडव्हान्स्ड इथे जाऊन कॉलमधला आयपी पत्ता सुरक्षित ठेवण्याचा पर्याय सुरू करा. मग सगळे कॉल सर्व्हरमार्फत जातील. आवाजाचा दर्जा किंचित कमी होऊ शकतो.

कोणतं मॉडेल कधी चांगलं?

• हिशोब अचूक आणि एकच हवा (बँक, निकाल, तिकीट): क्लायंट-सर्व्हर.
• मोठी फाइल खूप लोकांना द्यायची आहे, किंवा जवळच्या फोनला द्यायची आहे: पीअर-टू-पीअर.
• शोधायला मदत हवी, पण डेटा थेट जायला हवा (कॉल, काही गेम्स): हायब्रिड.

नवीन ॲप वापरताना तीन गोष्टी स्वतःला विचारा. माझ्या आणि समोरच्याच्या मधे कोण आहे? माझी वस्तू नेमकी कोणाच्या कॉम्प्युटरवर आहे? आणि तो कॉम्प्युटर उद्या बंद पडला तर माझ्याकडे काय उरेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर आजच एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. फोटो क्लाउडवर असतील तर घरच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवरही ठेवा, आणि फक्त फोनमध्ये असतील तर क्लाउडवर. सबमिशन जवळ आलं असेल, तर ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे रिपोर्टची प्रत आहे ना, हे आज रात्रीच विचारून घ्या.