हवा एका दिवसाची, हवामान तीस वर्षांचं

"आज हवामान खराब आहे," असं आपण सहज म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकानुसार त्या दिवशी खराब असते ती हवा. एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती म्हणजे हवा; तिथल्या साधारण 30 वर्षांच्या नोंदींची सरासरी म्हणजे हवामान. हा फरक मला पुस्तकापेक्षा आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याच्या इतिहासातून जास्त कळला.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंध कोरडा प्रदेश. कराचीत वर्षाला सरासरी जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस. सिंधमधल्या हैदराबादेत घरांच्या छपरांवर वारा आत खेचणारे झरोके असत. इथे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर! माणसं तीच, हवामान मात्र पार बदललं. आता वारा आत घेण्यापेक्षा पाऊस बाहेर ठेवणारं छप्पर महत्त्वाचं झालं.

पण सरासरीत एकेक दिवस लपून जातो. 26 जुलै 2005 च्या पावसात 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले, कुलाब्याला फक्त 74. शहर एक, हवामान एक, त्या दिवसाची हवा वेगळी. उल्हास नदीचं पाणी तेव्हा बदलापूर, कल्याणमध्ये शिरलं. 14 वर्षांनी, 26 जुलै 2019 च्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावं लागलं.

तारीख तीच, हा योगायोग. महिना जुलै, हे हवामान. शिवाय उल्हास राजमाचीच्या डोंगरांतून येते. तिथे कोसळलेला पाऊस बदलापुरात पूर होऊन पोचतो. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज येत नाही.

म्हणून पूररेषा आखतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण "100 वर्षांतून एकदा" याचा अर्थ, दरवर्षी शंभरात एक शक्यता. यंदा पूर आला म्हणून पुढची 99 वर्षं निर्धास्त, असं नाही. त्यात तापलेली हवा जास्त बाष्प धरते, म्हणजे जुनी सरासरीही हलू शकते.

बदलापुरात फ्लॅट बघायला लोक बहुधा उन्हाळ्यात जातात. नदी तेव्हा शांत असते. बिल्डरला स्टेशन किती मिनिटांवर हे विचारालच. पूररेषा कुठून जाते, तेही विचारा.